हाडांची वाढ आणि मुलाचा कौल

१६ डिसेंबर २०११ रोजीं, अठराव्या वाढदिवशीं, कु. ज्योति आमगे यांची उंची नागपुरांत मोजण्यांत आली. ती ६२.८ सेंटिमीटर भरली, आणि हयात स्त्रियांत सर्वांत कमी उंचीची स्त्री म्हणून त्यांचें नांव गिनीजच्या विक्रमग्रंथांत नोंदलें गेलें. एका घरीं उंचीचें माप असें कीर्तीस कारण झालें. इतर कित्येक घरीं तेंच माप चिंतेस कारण होतें. खुज्या मुलाचे हातपाय लांब करतां येतील काय, हा आईबापांचा प्रश्न असतो. त्याच्या उत्तरामागें शंभराहून अधिक वर्षांचा इतिहास आहे.

१९०५ सालीं इटलींतील बोलोन्याचे शस्त्रवैद्य कोदिविला यांनीं हाड कापून, टाचेंतील खिळ्यास जोराची ओढ देऊन, आंखूड पाय लांबविल्याचें प्रसिद्ध केलें. परंतु असा एकदम बसणारा ताण मज्जातंतूंना सोसत नसे. १९५० नंतर सैबीरियांतील कुर्गान येथें गाव्रिल इलिझारोव्ह यांनीं उलट मार्ग धरला. पायाभोंवतीं धातूच्या कड्या बसवावयाच्या, त्या ताणलेल्या तारांनीं हाडाशीं जखडावयाच्या, आणि कापलेलीं टोकें दिवसाला केवळ १ मिलिमीटर, तेंहि चार हप्त्यांनीं, दूर सारावयाचीं. मधल्या फटींत नवें हाड तयार होतें. १९८१ सालीं इलिझारोव्ह यांचें इटलींत व्याख्यान झालें, आणि ही विद्या पश्चिमेकडे पसरली. पुढें ती विदर्भांतहि आली, अकोल्यास डॉ. मिलिंद चौधरी यांनीं या पद्धतीचें स्वतंत्र केंद्र उभारलें.

खुजेपणाचे प्रकार अनेक आहेत. त्यांतील सर्वांत अधिक आढळणाऱ्या अकाँड्रोप्लेझियाचें मूळ एका जनुकांतील बदलांत आहे, हें १९९४ सालीं कळलें. यांत बुद्धि शाबूत असते, धडहि बहुधा नेहमींच्या लांबीचें असतें. मात्र दंड आणि मांड्या आंखूड राहतात. दंड लांबविल्यास स्वतःची स्वच्छता स्वतः करणें सुलभ होतें, हा लाभ लहान नव्हे. पण किंमतहि मोठी आहे. एका सेंटिमीटरमागें सुमारें महिनाभर चौकट वागवावी लागते; तारांच्या छिद्रांशीं पू होतो, सांधे आखडतात, आणि शाळेचे दिवस रुग्णालयांत जातात.

२०१६ च्या भारतीय कायद्यानें १४७ सेंटिमीटर वा त्याहून कमी उंचीच्या खुज्या प्रौढांस अपंगांचे हक्क दिले. त्यासाठीं उंची वाढविण्याची अट घातली नाहीं. तेव्हां शस्त्रक्रिया ही सक्ती नसून निवड आहे. वेदना मुलानें सोसावयाची असते. म्हणून तें कळत्या वयाचें होईपर्यंत थांबून त्याचा कौल घेणें हें आईबापांचें पहिलें कर्तव्य ठरतें.