कॅलिफोर्नियाच्या शाळांतील समलिंगी इतिहास

अमेरिकेत शालेय अभ्यासक्रम केंद्र सरकार ठरवत नाही. तो राज्यांचा आणि त्यांच्या हाताखालच्या स्थानिक शाळा मंडळांचा प्रांत आहे. त्यामुळे समलिंगी स्त्री-पुरुषांचा इतिहास मुलांना शिकवावा की नाही, हा वाद तिथे गावोगावच्या मंडळांत, राज्यांच्या विधिमंडळांत आणि मतपेटीतही लढला गेला. सरकारी शाळांना हा इतिहास शिकवणे कायद्याने बंधनकारक करणारे पहिले राज्य म्हणजे कॅलिफोर्निया. कायदा २०११चा, पण भांडण त्याच्या तीन दशके आधीचे, आणि ते पेटले पुस्तकांवरून नव्हे, शिक्षकांवरून.

१९७७ मध्ये फ्लोरिडातील डेड काउंटीत गायिका अनिता ब्रायंट यांनी ‘आमची मुले वाचवा’ अशी मोहीम चालवली आणि समलिंगींना भेदभावापासून संरक्षण देणारा स्थानिक नियम सार्वमताने रद्द करवला. कॅलिफोर्नियातील सिनेटर जॉन ब्रिग्ज यांनी हाच धागा उचलला. समलिंगी शिक्षकांना, तसेच समलैंगिकतेची भलामण करणाऱ्या कोणाही शिक्षकाला सरकारी शाळेतून काढता यावे, असा ‘प्रस्ताव ६’ त्यांनी मतदारांपुढे ठेवला. सॅन फ्रान्सिस्कोचे नगरप्रतिनिधी हार्वी मिल्क आणि प्राध्यापिका सॅली गिअरहार्ट यांनी जाहीर वादांत ब्रिग्ज यांना तोंड दिले. प्रस्तावाच्या विरोधात उभे राहिलेले सर्वांत अनपेक्षित नाव मात्र रोनाल्ड रेगन यांचे. गुण कमी मिळाले म्हणून चिडलेला एखादा विद्यार्थी खोटा आरोप करून निरपराध शिक्षकाचे आयुष्य उद्ध्वस्त करील, हा त्यांचा मुद्दा पुराणमतवादी पालकांनाही पटण्यासारखा होता. ७ नोव्हेंबर १९७८ रोजी सुमारे ५८ टक्के मतदारांनी प्रस्ताव फेटाळला. त्यानंतर वीस दिवसांनी मिल्क यांची हत्या झाली.

शिक्षकाची नोकरी वाचली, तरी त्याने वर्गात काय बोलावे हा प्रश्न तसाच राहिला. १९८४ मध्ये लॉस एंजेलिसच्या फेअरफॅक्स हायस्कुलातील शिक्षिका व्हर्जिनिया उरीबे यांनी ‘प्रोजेक्ट १०’ सुरू केला. तो समलिंगी विद्यार्थ्यांना आधार देण्यासाठी होता; इतिहासाच्या तासाशी त्याचा संबंध नव्हता. न्यूयॉर्कमध्ये १९९२ साली पहिलीच्या शिक्षकांसाठी विविधतेवरची एक मार्गदर्शिका निघाली. चारशेहून अधिक पानांच्या त्या ग्रंथात समलिंगी कुटुंबांचा उल्लेख मोजक्याच ठिकाणी होता, पण तेवढ्यावरून क्वीन्समधील एका शाळा मंडळाने बंड केले आणि पुढच्या वर्षी शहराचे शिक्षणप्रमुख जोसेफ फर्नांडेझ यांचा करार वाढवला गेला नाही. इतिहासाचा खरा आग्रह आला तो मिसुरीतून. तेथील मेहलव्हिल हायस्कुलातील इतिहासशिक्षक रॉडनी विल्सन यांनी १९९४ मध्ये, नाझी छळछावण्यांतील समलिंगी कैद्यांच्या गुलाबी त्रिकोणाबद्दल शिकवताना, आपणही तिथे असतो तर डांबले गेलो असतो, असे वर्गाला सांगितले. ऑक्टोबर हा ‘समलिंगी इतिहास महिना’ म्हणून पाळण्याची कल्पना त्यांचीच.

कॅलिफोर्नियात आमदार शीला क्यूल यांनी २००६ मध्ये या विषयावर विधेयक आणले, पण गव्हर्नर अर्नोल्ड श्वार्झनेगर यांनी त्यावर नकाराधिकार वापरला. पाच वर्षांनी सिनेटर मार्क लेनो यांचे विधेयक मंजूर झाले आणि १४ जुलै २०११ रोजी गव्हर्नर जेरी ब्राऊन यांनी त्यावर सही केली. हा ‘फेअर’ कायदा दिसायला अगदी साधा. कृष्णवर्णीय, मूलनिवासी, मेक्सिकन, आशियाई अशा समूहांचे राज्याच्या आणि देशाच्या घडणीतील योगदान शिकवावे, अशी तरतूद शिक्षणसंहितेत आधीपासून होती. त्या यादीत समलिंगी, उभयलिंगी, ट्रान्सजेंडर आणि अपंग अमेरिकनांची भर पडली. अपंगांच्या समावेशावर फारसा कोणी वाद घातला नाही, हे लक्षात घेण्यासारखे आहे. विरोधकांनी कायदा सार्वमताला टाकण्यासाठी सह्या गोळा केल्या, पण पाच लाखांहून अधिक सह्यांचा पल्ला त्यांना गाठता आला नाही. लैंगिक शिक्षणाच्या तासाला पाल्याला न बसवण्याची मुभा पालकांना होती. इतिहासाच्या तासाला नव्हती. विरोधाची धार वाढवणारी खरी बाब हीच होती.

कायदा झाला, पुस्तके आली नाहीत. आर्थिक चणचणीमुळे राज्याने २००९ मध्येच नव्या पाठ्यपुस्तकांची निवड थांबवली होती. दरम्यान डॉन रोम्सबर्ग, लैला रप आणि डेव्हिड डोनह्यू या अभ्यासकांनी २०१४ मध्ये कोणत्या इयत्तेत काय बसवता येईल याचा सविस्तर अहवाल तयार केला. नाहीतर थोर व्यक्तींची यादी देऊन विषय आटोपण्याचा धोका होता. राज्य शिक्षण मंडळाने १४ जुलै २०१६ रोजी, म्हणजे सहीनंतर बरोबर पाच वर्षांनी, नवा आराखडा स्वीकारला. दुसरीत कुटुंबांचे वेगवेगळे प्रकार येतात. चौथीत सोन्याच्या शोधाच्या काळातील घोडागाडीचालक चार्ली पार्कहर्स्ट येतात. जन्माने स्त्री असून त्या आयुष्यभर पुरुष म्हणून वावरल्या. अकरावीत शीतयुद्धाच्या काळात समलिंगी सरकारी नोकरांची झालेली हकालपट्टी आणि १९६९चे स्टोनवॉलचे बंड आहे.

राज्य मंडळ मान्यता देते ती बालवाडी ते आठवीच्या पुस्तकांना. नोव्हेंबर २०१७ मध्ये त्याने दहा संच मंजूर केले आणि ह्यूटन मिफ्लिन हारकोर्टचे दोन नाकारले; समलिंगी इतिहासाची पुरेशी दखल न घेणे हे नकाराचे कारण होते. नववीपासून पुढची पुस्तके जिल्हेच निवडतात. म्हणजे हा इतिहास ज्या अकरावीत सर्वाधिक भरीव आहे, तिथेच राज्याच्या हाती मान्यतेची चाळणी नाही. कायद्यातली ही फट मोठी आहे.

२०१९ मध्ये न्यू जर्सी, कोलोरॅडो, ओरेगॉन आणि इलिनॉय यांनी अशाच स्वरूपाचे कायदे केले, २०२१ मध्ये नेवाडाने. उलट फ्लोरिडाने २०२२ मध्ये खालच्या इयत्तांत लैंगिक कल आणि लिंगओळख यांवर शिकवण्याला बंदी घातली. खुद्द कॅलिफोर्नियातही सारे सुरळीत नव्हते. मे २०२३ मध्ये टेमेक्युला शहराच्या शाळा मंडळाने प्राथमिक शाळेची सामाजिक शास्त्रांची पुस्तके तीन विरुद्ध दोन मतांनी नाकारली. पूरक साहित्यात हार्वी मिल्क यांचा उल्लेख होता, एवढेच निमित्त. गव्हर्नर गॅव्हिन न्यूसम यांनी दंडाची आणि पुस्तके थेट पाठवण्याची धमकी दिल्यावर जुलैत मंडळाने माघार घेतली. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये, एखाद्या समूहाच्या उल्लेखावरून पुस्तक नाकारण्यास मंडळांना मनाई करणारा कायदा राज्याने केला.

जून २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मेरीलँडमधील माँटगोमेरी काउंटीच्या प्रकरणात, समलिंगी पात्रे असलेल्या गोष्टींच्या पुस्तकांच्या तासाला धार्मिक कारणावरून मुलांना न बसवण्याची मुभा पालकांना मिळायला हवी, असा सहा विरुद्ध तीन मतांनी निर्णय दिला. ती पुस्तके भाषेच्या तासाची होती. इतिहासाच्या पुस्तकांचा प्रश्न त्या खटल्यात न्यायालयापुढे नव्हता.