खाणीने सोडलेले पाणी

इंग्लंडमधील डर्बीशायरच्या शिशाच्या खाणींत पाणी साचे. ते काढून देण्यासाठी खोदलेल्या बोगद्याला तिथे ‘सफ’ म्हणतात. खाणवाल्यांना नकोसे झालेले क्रॉमफर्ड सफचे पाणी रिचर्ड आर्कराइटने हेरले. ते हिवाळ्यातही गोठत नसे. जवळच्या ओढ्याच्या जोडीने त्याच पाण्यावर, १७७१ पासून, त्याची सूतगिरणी उभी राहिली.

पुढच्याच वर्षी अधिक खोलीवरून मीअरब्रुक सफ खोदायला घेतला गेला. तो खाणींखाली पोहोचला तसे वरच्या सफचे पाणी आटत गेले. आर्कराइट घराणे न्यायालयात गेले. १८३९ मध्ये निकाल लागला: खाण कोरडी करण्यासाठी सोडलेले पाणी कायम मिळत राहावे, असा हक्क गिरणीला नाही. साठ वर्षांहून जुनी वहिवाट हरली. मीअरब्रुकचे पाणी मात्र आज नळाने घराघरांत जाते.