चार आण्यांची वाट

मे महिन्यात नातू पुण्याहून आला तो गाडीच्या मागे सायकल बांधूनच. जाड टायर, पुढच्या चाकाला शॉक ॲब्सॉर्बर, आणि गिअर किती ते मोजायला मला चष्मा लावावा लागला. चहा झाल्यावर म्हणाला, "आजोबा, आष्ट्यात ट्रेल कुठे आहे?"

मी म्हटलं, "बाबा, इथे सगळी सपाटी. एका अंगाला कृष्णा, दुसऱ्या अंगाला वारणा, मध्ये ऊस. डोंगर हवा तर येडेनिपाणीला मल्लिकार्जुनाच्या डोंगरावर जा, नाहीतर शिराळ्याच्या पलीकडे."

"डोंगराचं नंतर बघू. आधी वाट दाखवा. डांबर नसलेली."

प्रश्न साधाच होता, पण मला रात्रभर पुरला. त्या निमित्ताने जे आठवलं आणि जे वाचलं, ते आज लिहितो.

डोंगरावर सायकल चालवण्याचा हा खेळ अमेरिकेतला. कॅलिफोर्नियात माउंट टॅमलपायस नावाचा डोंगर आहे. तिथल्या काही तरुणांनी १९७० च्या दशकात भंगारातून जुन्या, जाड टायरच्या श्विन सायकली आणल्या आणि त्या डोंगरउतारावरून सोडायला सुरुवात केली. २१ ऑक्टोबर १९७६ रोजी त्यांनी पहिली शर्यत लावली. साडेतीन किलोमीटरच्या आत सुमारे ४०० मीटरचा उतार! त्या सायकलींना ब्रेक मागच्या चाकाच्या हबमध्ये. खाली पोचेपर्यंत हब इतका तापायचा की आतलं ग्रीस जळून जायचं आणि ते पुन्हा भरावं लागायचं. म्हणून शर्यतीचं नावच 'रीपॅक', म्हणजे पुन्हा भरणे. पुढे त्यांच्यातल्याच जो ब्रीझने १९७७ साली अशा वाटांसाठी खास सांगाडा बनवला, आणि १९९६ च्या अटलांटा ऑलिम्पिकमध्ये हा खेळ पोचला.

यातली एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटली. ती वाट सायकलसाठी केलेली नव्हतीच. जंगलात वणवा लागला तर बंब नेता यावा म्हणून काढलेला तो कच्चा रस्ता होता. म्हणजे सायकलवाल्यांनी दुसऱ्याची वाट उसनी घेतली.

आपल्याकडेही तेच झालं, फक्त खेळ म्हणून नाही.

१८८८ साली डनलॉपने हवेच्या टायरचं पेटंट घेतलं. योगायोग असा, की त्याच साली बेळगावात किर्लोस्कर बंधूंचं सायकलचं दुकान सुरू झालं. लक्ष्मणरावांनी पुढे लोखंडी नांगर केला, आणि १९१० साली औंध संस्थानात, कुंडल रोड स्टेशनजवळच्या माळावर, किर्लोस्करवाडी उभी राहिली. आमच्या कृष्णेपलीकडे. नांगराचा कारखाना सगळ्यांना माहीत आहे, पण त्या घराण्याची सुरुवात सायकलीच्या पाना-पंपाने झाली हे आम्ही वर्गात सांगायचो तेव्हा मुलं हसायची.

आमच्या पिढीची सायकल म्हणजे काळी, अठ्ठावीस इंची चाकाची, दांड्याच्या ब्रेकची. ॲटलस, हर्क्युलस, हिरो, रॅले. गिअर एकच. पायडलचा एक फेरा मारला की मागचं चाक साधारण अडीच वेळा फिरायचं, मग रस्ता सपाट असो वा चढ. सपाटीवर ठीक, पण चढाला उतरून ढकलायची. नातवाच्या सायकलीत चढाला हलका गिअर टाकला की पायडल आणि चाक जवळजवळ बरोबरीने फिरतात, म्हणून तो बसल्या बसल्या डोंगर चढतो. सगळी जादू तेवढीच.

१९७४ साली मी शिराळ्याच्या पश्चिमेला एका शाळेत लागलो. शनिवारी दुपारी सुटायचं आणि सोमवारी हजर व्हायचं. सायकल एसटीच्या टपावर टाकून कोकरूडपर्यंत, पुढे पायडल. त्या प्रवासात मला माती कळली. आष्ट्याची काळी रान पावसाने भिजली की चिखल मडगार्डमध्ये गच्च बसतो, चाक फिरतच नाही. काठीने उकरायचं, दहा पावलं जायचं, पुन्हा उकरायचं. शेवटी सायकलच खांद्यावर! पश्चिमेला वर जांभ्याच्या सड्यांवर आठपट पाऊस पडला तरी तांबडी माती चाकाला तशी धरत नाही. तिथे त्रास दगडाचा.

त्या वाटा कुणी केल्या? सडका सरकारने केल्या, वाटा माणसांनी आणि जनावरांनी. घाटावरून गूळ-मिरची खाली आणि कोकणातून मीठ वर, बैलांच्या पाठीवर गोण्या टाकून. बैल जिथून चढतो तीच सोपी चढण. नंतर येणाऱ्यांना फक्त तिच्यामागून जायचं असतं. सपाटीला त्याच जातीच्या पाणंदी, शिवरस्ते, बांधावरच्या पायवाटा. १९४३ ते १९४६ च्या प्रतिसरकारच्या काळात येडेमच्छिंद्रचे क्रांतिसिंह नाना पाटील आणि त्यांचे साथी पोलिसांना सापडत नव्हते, त्याला माणसांची साथ होतीच, पण या आडवाटांचीही होती.

शिराळ्याच्या पलीकडच्या पुष्कळ वाटा आता बंद आहेत. चांदोलीला वारणेवर धरण झालं. १९८५ साली अभयारण्य, २००४ साली राष्ट्रीय उद्यान, २०१० साली सह्याद्री व्याघ्र प्रकल्प. आतली गावं उठली, त्यांतली काही माणसं खाली आमच्या सपाटीवर येऊन राहिली. नातवाला नकाशावर झोळंबीचा सडा दिसला आणि त्याचे डोळे चमकले. मी म्हटलं, "तिथे सायकल न्यायची नाही. वाघासाठी माणसांनी घरं सोडली. आपण हौसेखातर आत शिरायचं नाही." त्याला पटलं.

ती वाट एका कारणासाठी बंद झाली. माझ्या मनाला लागलं ते दुसरंच.

नातवाला ट्रेल हवी म्हणून मी बागणीच्या बाजूची आमची जुनी वाट दाखवायला निघालो. शाळकरी वयात मी त्या वाटेने सायकल हाणायचो. पाणंद संपली की ओढ्यापासून पुढे पायवाट, चिंचेखालून सरळ पलीकडच्या वस्तीला. नातू पुढे, मी स्कूटरवर मागे. ओढ्यापर्यंत छान गेलो. पुढे ऊस. नातू उतरला, म्हणाला, "आजोबा, वाट कुठंय?"

गावनकाशा काढून पाहिला. वाट आहे! टिंबाटिंबांची रेघ. आपल्याकडे जमीन तेहतीस फुटी साखळीने मोजली, आणि त्या साखळीचे सोळा आणे. ग्रामीण रस्ता तेहतीस फूट धरतात, म्हणजे पूर्ण रुपया. गाडीमार्ग साडेसोळा फुटांपासून पुढे, म्हणजे आठ आणे. आणि पायमार्ग सव्वाआठ फूट. चार आणे. गरिबाची वाट, पण नोंदलेली. वाट अडवली तर तहसीलदाराकडे दाद मागायची सोय १९०६ च्या मामलेदार कोर्ट कायद्यातच आहे.

मग वाट गेली कुठे? कुणी चोरली नाही. मोटारसायकली आल्या, लोक डांबरावरून जाऊ लागले. पायवाटेवर गवत उगवलं. ट्रॅक्टर वळताना एक तास आत आला, पुढच्या साली आणखी एक. ज्या वाटेवर पाऊल पडत नाही, तिच्यावर नांगर पडतो.

आणि तो नांगर आमचा होता. हे लिहायला मला आठ दिवस लागले. अलीकडची सरी आमची, पलीकडची चुलत्यांची. दोघांनी मिळून चार आणे वाटून घेतले, दोन-दोन. मी चाळीस-एक वर्षं मुलांना नागरिकशास्त्र शिकवलं, आणि माझ्याच रानात सार्वजनिक वाटेवर ऊस उभा. तेव्हा मी नोकरीच्या गावी होतो, शेत वाट्याने दिलं होतं, अशी कारणं आहेत. पण उसाची बिलं मी घेतली.

परवा हिला सांगितलं, यंदा ऊस गेला की त्या सरीचा खोडवा ठेवायचा नाही. आमच्या बाजूचे दोन आणे मोकळे सोडायचे. ती म्हणाली, "अर्ध्या वाटेवरून कोण जाणार?" बरोबर आहे. चार फुटांहून जराशा जास्त रुंदीत डोक्यावर भारा घेतलेली बाई कशीबशी जाईल. सायकल मात्र आरामात जाते, तिचं हँडल अडीच फुटांचं.

तेव्हा पलीकडच्या पुतण्यांनो, हे तुम्ही वाचताच. तक्रार करायला मी तहसीलला जाणार नाही, मला तोंडच नाही. दिवाळीला या, चिंचेखाली बसून बोलू. नातू सायकल घेऊन येणार आहे. त्याला मी वाट दाखवतो असा शब्द दिलाय.