गणकयंत्राची स्मृति आणि त्याचा वेग

भिवंडी तालुक्यांत मुंबई-नाशिक हमरस्त्यावर वडपे नांवाचें गांव आहे. ह्या परिसराची ओळख आज तेथील विस्तीर्ण गोदामांवरून होते. अशा गोदामांत उंच मांडणींवर माल रचलेला असतो, आणि दारालगत टेबलापाशीं बांधणी करणारा कामगार उभा असतो. त्याचा हात कितीही चपळ असो; टेबलावर जागा नसली, तर एक वस्तु परत मांडणीवर ठेवून दुसरी आणण्यांतच त्याचा दिवस सरतो. घरोघरींचा लॅपटॉप मंद कां होतो, आणि त्याची स्मृति, म्हणजे रॅम, वाढविल्यानें तो पुष्कळदां चपळ कां होतो, ह्याचें मर्म ह्या दृश्यांत आहे. प्रोसेसर हा कामगार, रॅम हें टेबल, आणि हार्ड डिस्क हें गोदाम होय.

टेबल अपुरें पडण्याची ही अडचण गणकयंत्राइतकीच जुनी आहे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेंत डॉ. आर. नरसिंहन् यांच्या नेतृत्वाखालीं एक गणकयंत्र बांधण्यांत आलें. १९५६ सालीं त्याचा लहान नमुना चालूं झाला व १९६० सालीं पूर्ण यंत्र कामास लागलें. ‘टिफ्रॅक’ हें त्याचें नांव पंडित नेहरूंनीं ठेविलें. २७०० निर्वात नळ्या असलेल्या ह्या यंत्राचा पोलादी सांगाडा १८ फूट लांब होता. त्याची स्मृति फेराइटच्या चिमुकल्या कड्यांची होती; कडें एका दिशेनें चुंबकित झालें तर शून्य आणि उलट दिशेनें झालें तर एक, अशी खूण त्यांत राही. प्रत्येकीं ४० खुणांचे २०४८ शब्द, म्हणजे एकंदर ८१,९२० खुणा, एवढाच तिचा आवांका. आज ८ गिगाबाइट रॅम असलेल्या लॅपटॉपांत ह्याच्या सुमारें ८ लक्ष ३९ हजार पट जागा असते. टिफ्रॅकवर गणित मांडणाऱ्यास तें आधीं ह्या चिंचोळ्या जागेंत बसवावें लागे.

इंग्लंडांतील मँचेस्टर विद्यापीठांत टॉम किलबर्न व त्यांच्या सहकाऱ्यांनीं ह्या अडचणीवर निराळा तोडगा काढला. १९६२ सालीं सुरू झालेल्या त्यांच्या ‘ॲटलस’ यंत्रांत कड्यांच्या स्मृतीची जागा १६,३८४ शब्दांची होती, तर फिरत्या चुंबकीय पिंपावर ९८,३०४ शब्द मावत. लागेल तेवढी पानें पिंपावरून स्मृतींत आणणें व नको तीं परत पाठविणें, हें काम यंत्र आपण होऊन करी. वापरणाऱ्यास मात्र सर्व स्मृति एकसंध भासे. टेबल लहानच राहिलें. परंतु गोदामाची ने-आण करण्यास जणूं हमाल नेमला गेला. आजचा प्रत्येक लॅपटॉप हीच युक्ति चालवितो.

ह्या युक्तीस एक मर्यादा आहे, व तिचें नेमकें विवेचन अमेरिकेंतील पीटर डेनिंग यांनीं १९६८ सालीं केलें. प्रत्येक कामास ठराविक काळांत कांहीं पानें सतत हाताशीं लागतात. तेवढीं पानें स्मृतींत मावलीं, तर काम सुरळीत चालतें. तीं मावेनाशीं झालीं, कीं आत्तांच बाहेर पाठविलेलें पान पुढच्याच क्षणीं परत आणावें लागतें. मग यंत्राचा सर्व वेळ ने-आणींत जातो. त्याची धडपड चालूं असते, परंतु काम पुढें सरकत नाहीं.

ही ने-आण किती महाग पडते, हें कालमानावरून कळेल. रॅममधील मजकूर हातीं येण्यास एक मिनिट लागतें असें धरलें, तर त्याच मापानें फिरत्या हार्ड डिस्कवरून तो आणण्यास सुमारें सत्तर दिवस लागतील. नव्या एसएसडीवरून आणावयाचा, तर सोळा-सतरा तास लागतील.

ह्यावरून गृहस्थानें घ्यावयाचा बोध सरळ आहे. ४ गिगाबाइट रॅमच्या लॅपटॉपवर मुलाचा ऑनलाइन वर्ग, ब्राउझरचीं दहा-बारा पानें आणि लिखाण एकदम चालवूं पाहिल्यास तो रखडतो. तेथें रॅम ८ गिगाबाइट केली, तर तोच लॅपटॉप टवटवीत होतो आणि नव्याचा खर्च वांचतो. उलट ज्या घरीं १६ गिगाबाइट असून निम्मी रॅम रिकामीच असते, तेथें ३२ करणें म्हणजे रिकाम्या टेबलास दुसरें रिकामें टेबल जोडणें होय. कामगाराचा हात त्यामुळें चपळ होत नाहीं. म्हणून आधीं नेहमींचीं सर्व कामें उघडून, विंडोजमधील टास्क मॅनेजरांत किती रॅम गुंतली आहे तें पाहावें. ती भरलेली नसतांही जुनी हार्ड डिस्क असलेलें यंत्र रेंगाळत असेल, तर एसएसडी बसविण्याचाच उपयोग अधिक. शिवाय पुष्कळ पातळ लॅपटॉपांत रॅम मूळ पाटीवरच डाखलेली असते व पुढें वाढवितां येत नाहीं. तेव्हां ही चौकशी खरेदीपूर्वींच करावी.

तथापि टेबल कितीही वाढविलें, तरी तें भरणाराही स्वस्थ बसत नाहीं. १९९५ सालच्या विंडोजला किमान ४ मेगाबाइट रॅम पुरत असे. २०२१ सालच्या विंडोज ११ ला किमान ४ गिगाबाइट लागते, म्हणजे सव्वीस वर्षांत हजारपटीहून अधिक. स्मृति विपुल झाली, तसतशी ती जपून वापरण्याची संवय सुटत गेली. चांगला चालणारा लॅपटॉप भंगारांत टाकण्याची पाळी अनेकदां ह्यामुळेंच येते. टिफ्रॅकच्या काळची टंचाई कोणी परत मागणार नाहीं. परंतु जागा वाढविण्यापूर्वीं, आहे ती कशानें भरली आहे हें पाहण्याची त्या काळची शिस्त आजही तितकीच हिताची आहे.