गॅस मीटर, एक सुटलेला पाइप आणि माझी घाई

आजची गोष्ट माझ्या स्वयंपाकघरात सुरू होते आणि तिथून थेट टेक्सासला जाते. हेडफोन नीट लावा.

मागच्या वर्षी आमच्या पुण्याच्या फ्लॅटमध्ये पाइपचा गॅस आला. मीटर बसवायला एक दादा आले होते आणि दहा वाजता माझा ऑफिसचा कॉल होता. त्यांनी मीटर जोडला, यू आकाराची पाणी भरलेली एक पारदर्शक नळी लावली, पाइपात हवा भरली आणि पाण्याच्या पातळीकडे बघत शांत उभे राहिले. पाच मिनिटं झाली तरी हलेनात. शेवटी मी म्हटलं, "दादा, झालं ना? वास तर कसलाच येत नाहीये."

ते म्हणाले, "साहेब, गॅस अजून सोडलाच नाही. वास कशाचा येणार?"

आई आतून हसली. मग मी दुसरी मागणी काढली. मीटरभोवती बंद कपाट करून घेऊ, किचन जरा नीट दिसेल. त्यावर ते सरळ म्हणाले, "जाळीचं दार करा. बंद कपाट करणार असाल तर मी सही करणार नाही."

खरं सांगतो, मला राग आला. कामाला उशीर आणि वर अडवणूक! रात्री हे नियम येतात कुठून ते शोधत बसलो. दोन वाजेपर्यंत झोप लागली नाही.

आधी थोडं मागे जाऊ. लंडनमध्ये पहिली गॅस कंपनी 1812 साली सुरू झाली. सुरुवातीला किती दिवे आणि किती तास, यावर पैसे घ्यायचे. मग लोक ठरलेल्या वेळेनंतरही दिवे चालू ठेवायचे. म्हणून 1815 च्या सुमारास सॅम्युअल क्लेग या इंजिनिअरने गॅस मोजणारा मीटर बनवला. आपल्या मुंबईत रस्त्यावर गॅसचे दिवे लागले ते 1865 साली. हा सगळा गॅस कोळशापासून कारखान्यात बनायचा. तो विषारी होता, कारण त्यात कार्बन मोनॉक्साइड असायचा. पण त्याला स्वतःचा उग्र वास होता. गळती झाली की नाकाला कळायचं, म्हणजे अलार्म फुकट मिळत होता.

जमिनीतून निघणाऱ्या नैसर्गिक गॅसला हा अलार्म नव्हता. त्याला ना रंग, ना वास.

आता चला न्यू लंडनला. नाव लंडन असलं तरी हे गाव पूर्व टेक्सासमध्ये आहे. 1930 च्या दशकात तिथे तेल सापडलं, पैसा आला आणि गावाने झकास शाळा बांधली. पण गॅसचं बिल वाचवायचं म्हणून शाळेने अधिकृत पुरवठा बंद केला आणि शेजारून जाणाऱ्या, तेल उद्योगातला उरलेला गॅस वाहणाऱ्या लाइनला आपली जोडणी करून घेतली. महिन्याला साधारण 300 डॉलर वाचणार होते. तेव्हा त्या भागात असं बरेच जण करायचे, कारण तो गॅस नाहीतर जाळूनच टाकायचे.

कुठेतरी गळती झाली. शाळेच्या खाली मोठी पोकळी होती, त्यात गॅस साठत गेला. मुलांची डोकी दुखायची, पण वासच नाही म्हटल्यावर कोणाला शंका येणार? 18 मार्च 1937 च्या दुपारी एका शिक्षकाने वर्कशॉपमधलं मशीन चालू केलं आणि त्या ठिणगीने शाळा उडाली. जवळपास 300 जण गेले, त्यात बहुतेक मुलं. ढिगाऱ्यात एक फळा सापडला. त्यावर लिहिलेलं होतं की तेल आणि गॅस हे या भागाला मिळालेलं वरदान आहे, ते नसतं तर ही शाळाच नसती.

त्याच वर्षी टेक्सासने दोन कायदे केले. एक, गॅसमध्ये वास मिसळलाच पाहिजे. आपल्याला येणारा सडक्या अंड्यांसारखा वास असाच मुद्दाम घातलेला असतो. दुसरा, इंजिनिअर म्हणून काम करायचं तर सरकारी नोंदणी हवी. बीटेक करताना चार वर्षांत मला हे कोणी सांगितलं नव्हतं.

मग प्रश्न सुटला का? नाही. आता 2016 मध्ये या. वॉशिंग्टनजवळचं सिल्व्हर स्प्रिंग, स्थलांतरित कुटुंबांची वस्ती असलेली एक जुनी इमारत. तळघरात मीटरची खोली आणि तिथेच गॅसचे रेग्युलेटर. रेग्युलेटर मोठ्या लाइनचा दाब कमी करून घरात पाठवतो. तो बिघडला तर जास्तीचा गॅस एका व्हेंट पाइपने इमारतीबाहेर, उघड्या हवेत जायला हवा. तिथे एका रेग्युलेटरचा हा पाइप जोडलेलाच नव्हता.

जुलैच्या शेवटी गॅसचा वास येतो अशी तक्रार झाली. अग्निशामक दल आलं, पण त्यांना गळती सापडली नाही. 10 ऑगस्टच्या रात्री, बाराला काही मिनिटं कमी असताना स्फोट झाला. सात जण गेले. 2019 मध्ये तपासाचा निष्कर्ष आला: रेग्युलेटर बिघडला, व्हेंट सुटलेला होता, गॅस मीटरच्या खोलीत साठला. शिवाय रेग्युलेटर अशा जागी होते, जिथे वास आला तरी कोणाला सहज कळलं नसतं. म्हणजे 1937 नंतर मिसळायला लागलेला वास होता, पण त्या खोलीत नाक नव्हतं.

हे वाचलं आणि मला माझं कपाट आठवलं. एकदम गार पडलो.

मीटरवाला माणूस जे जे करतो, ते आता वेगळं दिसायला लागलं. तो आधी व्हॉल्व्ह बंद करतो आणि आसपास ज्योत किंवा ठिणगी नाही ना, ते बघतो. मग हवेने दाबाची चाचणी. पाण्याची पातळी घसरली तर कुठेतरी गळती आहे. मग सांध्यांवर साबणाचं पाणी, बुडबुडे येतात का पाहायला. वासावर तो विसंबत नाही, कारण थोड्या वेळाने नाक त्या वासाला सरावतं आणि नव्या लोखंडी पाइपात वास शोषलाही जातो. ब्रिटनमध्ये तर जुना मीटर काढण्याआधी दोन्ही बाजूंच्या पाइपांना एक जाड वायर जोडतात. पाइपातून चुकून वीज वाहत असेल तर सांधा सुटताना ठिणगी पडू नये म्हणून.

आणि जाळी का? पाइपचा गॅस हवेपेक्षा हलका असतो, वर जातो. हवेत त्याचं प्रमाण 5 ते 15 टक्के झालं की ठिणगी पुरते. बंद कपाटात ते प्रमाण लवकर होतं, मोकळ्या हवेत तो पांगतो. सिलिंडरचा गॅस उलट, जड असतो आणि जमिनीलगत साठतो. म्हणून त्याला खाली जाळी हवी.

माझं काम सॉफ्टवेअरचं. घाईत टेस्ट वगळली तर आमच्याकडे ॲप बंद पडतं, रात्री कोणाला तरी उठवतात, सकाळी सगळं सुरळीत. मी त्याच सवयीने त्या दादांना घाई करत होतो. त्यांनी माझं ऐकलं असतं, तर मला वाटलं असतं की माणूस किती चांगला आहे.

आठवड्याने मी जाळीचं दार बसवून घेतलं आणि त्यांना फोटो पाठवला. त्यांचं उत्तर आलं: "वरच्या बाजूला पण जाळी ठेवली ना?"

ठेवली होती.

तर मंडळी, आज घरी गेलात की एकदा मीटर बघा. कपाटात कोंडलाय का? समोर डबे रचलेत का? वास आला तर दिव्याच्या बटणाला हात लावू नका, चालू नाही आणि बंदही नाही. खिडक्या उघडा, मेन व्हॉल्व्ह बंद करा, बाहेर या आणि मग फोन करा. आणि कोणी मीटर बसवायला आलं तर त्यांना चहा द्या, घाई करू नका. भेटू पुढच्या भागात.