होडीवरील फ्रीजर

होडीवरील फ्रीजर म्हणजे होडी, तराफा किंवा नौका यांवर उघड्यावर वापरले जाणारे, पकडलेली मासळी गोठवून ठेवणारे यंत्र होय. ऊन, पाण्याचे शिंतोडे, सततची हालचाल व मर्यादित वीज या चार गोष्टींमुळे त्याची निवड घरगुती फ्रीजरपेक्षा वेगळ्या निकषांवर करावी लागते. महाराष्ट्रातील जलाशयांवर, उदाहरणार्थ बीड जिल्ह्यातील माजलगाव व मांजरा येथे, मासेमारी लहान होड्यांतून व काही तासांपुरती होते. अशा ठिकाणी होडीवर उष्णतारोधक बर्फपेटी आणि काठावर फ्रीजर, अशी विभागणी बहुधा अधिक उपयुक्त ठरते.

पार्श्वभूमी

बीड जिल्हा मराठवाड्यात असून त्याच्या उत्तर सीमेवरून गोदावरी नदी वाहते. जिल्ह्याला समुद्रकिनारा नाही; येथील मासेमारी धरणांच्या जलाशयांत व तलावांत चालते. सिंदफणा नदीवरील माजलगाव धरण १९८७ मध्ये पूर्ण झाले. ते जायकवाडी प्रकल्पाच्या दुसऱ्या टप्प्याचा भाग असून पैठणच्या जलाशयातून निघणाऱ्या उजव्या कालव्याचे पाणीही त्यात सोडले जाते. मांजरा नदीवरील धरण केज तालुक्यातील धनेगाव येथे, बीड, लातूर व धाराशिव या जिल्ह्यांच्या सीमावर्ती भागात आहे. जलाशयांतील मासेमारीचे हक्क मच्छीमार सहकारी संस्थांना ठेक्याने दिले जातात. रोहू, कटला, मृगळ व तिलापिया हे येथे मिळणारे प्रमुख मासे होत.

उन्हाळ्यात जिल्ह्यातील तापमान ४० °से.च्या वर जाते. जाळी सायंकाळी लावून पहाटे काढली, तर जाळ्यात रात्रीच मेलेली मासळी पाण्याबाहेर येण्यापूर्वीच खराब होऊ लागलेली असते. त्यानंतर ती उन्हात उघडी राहिल्यास काही तासांतच विक्रीयोग्य राहत नाही. एकदा खालावलेली प्रत कोणत्याही फ्रीजरने परत मिळत नाही. म्हणून यंत्राच्या क्षमतेइतकेच मासळी थंड करण्यास लागणाऱ्या वेळेला महत्त्व आहे.

थंड करणे व गोठवणे

मासळी थंड करणे म्हणजे तिचे तापमान ० °से.च्या आसपास आणणे. गोठवणे म्हणजे ते −१८ °से. किंवा त्याखाली नेणे. पहिल्या पद्धतीत मासळी ताजी म्हणून विकता येते व लगेच बर्फात ठेवल्यास आठवडाभर किंवा त्याहून अधिक काळ टिकते. दुसऱ्या पद्धतीत ती काही महिने टिकते, परंतु गोठण्याचा वेग पुरेसा असावा लागतो. −१ ते −५ °से. या टप्प्यात मासळीतील बहुतांश पाण्याचे बर्फ होते. लहान फ्रीजरमध्ये एकाच वेळी भरपूर मासळी भरल्यास हा टप्पा ओलांडण्यास फार वेळ लागतो, बर्फाचे मोठे स्फटिक तयार होतात आणि वितळताना मांसातून पाणी सुटून ते भुसभुशीत होते.

फ्रीजरच्या लिटरमधील आकारमानावरून तो किती मासळी साठवू शकेल हे कळते; किती मासळी गोठवू शकेल हे कळत नाही. त्यासाठी २४ तासांत किती किलो जिन्नस गोठतो, हा उत्पादकाने दिलेला आकडा पाहावा लागतो.

ऊर्जेचा हिशेब

३० °से. तापमानाची २० किलो मासळी ० °से.पर्यंत आणण्यासाठी सुमारे ४८० किलोकॅलरी उष्णता काढावी लागते. एक किलो बर्फ वितळताना ८० किलोकॅलरी उष्णता शोषतो. त्यामुळे तत्त्वतः ६ किलो बर्फ पुरतो. पेटीत बाहेरून शिरणारी उष्णता, झाकण उघडणे व बाजारापर्यंतचा प्रवास लक्षात घेऊन उष्ण प्रदेशात मासळी व बर्फ यांचे वजन समान ठेवण्याचा प्रघात आहे.

हीच मासळी −१८ °से.पर्यंत गोठवायची झाल्यास सुमारे १,८०० किलोकॅलरी, म्हणजे दोन युनिटांहून थोडी अधिक उष्णता काढावी लागते. लहान कॉम्प्रेसरला त्यासाठी साधारण दीड ते दोन युनिट वीज लागते. १२ व्होल्ट, १०० अँपिअर-तासांच्या शिसे-आम्ल बॅटरीत १.२ युनिट वीज साठते. बॅटरीचे आयुष्य टिकावे म्हणून त्यातील निम्मीच वापरणे इष्ट असते. म्हणजेच या कामासाठी तीन-चार बॅटऱ्या लागतात. अशी एक बॅटरी सुमारे ३० किलो वजनाची असल्याने क्विंटलभर भार केवळ बॅटऱ्यांचाच होतो. लहान होडीच्या किंवा थर्माकोलच्या तराफ्याच्या दृष्टीने हा भार धोकादायक आहे. लिथियम बॅटऱ्या हलक्या असल्या, तरी त्यांची किंमत अधिक असते.

प्रकार

बर्फपेटी : दुहेरी भिंतीच्या या पेटीत पॉलियुरेथेनचा फेस किंवा थर्माकोल भरलेला असतो. तिला वीज लागत नाही. बाहेर ४० °से. तापमान असताना ७० लिटरच्या पेटीत ५ सेंटिमीटर जाडीचा पॉलियुरेथेनचा थर असल्यास भिंतींतून शिरणाऱ्या उष्णतेमुळे १२ तासांत सुमारे पावणेतीन किलो बर्फ वितळतो. अडीच सेंटिमीटर थर्माकोल असल्यास हे प्रमाण जवळपास तिप्पट होते.

कॉम्प्रेसरचा फ्रीजर : नौकांसाठी १२ किंवा २४ व्होल्टवर चालणारे फ्रीजर मिळतात. होडी कलल्यावरही चालू राहील अशी त्यांच्या कॉम्प्रेसरची रचना असते. वरून उघडणारा फ्रीजर उभ्या दाराच्या फ्रीजरपेक्षा सोयीचा असतो, कारण झाकण उघडल्यावर जड थंड हवा बाहेर ओघळत नाही.

शोषण पद्धतीचा फ्रीज : हा वायूवर किंवा उष्णतेवर चालतो, परंतु तो समतल असणे आवश्यक असल्यामुळे हलत्या होडीसाठी अयोग्य आहे.

उष्मविद्युत पेटी : ही आतील तापमान बाहेरच्यापेक्षा साधारण १५ ते २० अंशांनीच कमी करते. ४० °से. उष्म्यात ती मासळीसाठी निरुपयोगी ठरते.

निवडीचे निकष

हवामान वर्ग : फ्रीजर कोणत्या तापमानापर्यंत नीट चालेल हे त्याच्या हवामान वर्गावरून समजते. 'एन' वर्ग १६ ते ३२ °से., 'एसटी' वर्ग १६ ते ३८ °से., तर 'टी' वर्ग १६ ते ४३ °से. तापमानासाठी असतो. मराठवाड्यात उघड्यावर वापरण्यासाठी 'टी' वर्गाचाच फ्रीजर घेणे योग्य होय. पत्र्याच्या शेडमध्ये तापमान ४३ °से.च्याही वर जाऊ शकते. त्यामुळे सावली व खेळती हवा यांची सोय करावीच लागते.

पाण्यापासून संरक्षण : उपकरणाच्या आयपी क्रमांकातील दुसरा अंक पाण्यापासूनचे संरक्षण दर्शवतो. सर्व बाजूंनी उडणारे शिंतोडे सोसण्यासाठी हा अंक किमान ४ असावा. घरगुती फ्रीजरवर सहसा असे संरक्षण नसते.

गंज : समुद्रावर खारी हवा तांब्याच्या व ॲल्युमिनियमच्या नळ्या आणि जाळ्या खाते. गोड्या पाण्यात हा त्रास कमी असला, तरी बर्फात मीठ वापरल्यास पेटीचे आतील अस्तर प्लॅस्टिकचे किंवा फायबरचे असावे.

विद्युत सुरक्षा : होडीवर इन्व्हर्टर लावून २३० व्होल्टचा घरगुती फ्रीजर चालवणे जिवावर बेतू शकते. होडीवर कमी व्होल्टचे उपकरण वापरावे. काठावरील फ्रीजरला अर्थिंग व ३० मिलिअँपिअरला खंडित होणारा गळतीरोधक स्विच असावा. वीजदाब कमी-जास्त होत असल्यास स्टॅबिलायझरही लागतो.

शीतक : आर-६००ए व आर-२९० हे शीतक वायू ज्वलनशील व हवेपेक्षा जड असतात. गळती झाल्यास ते होडीच्या तळाशी साचतात. म्हणून फ्रीजर बंदिस्त खणात किंवा इंजिनाशेजारी ठेवू नये.

सागरी मासेमारीशी तुलना

कोकणातही मासेमारी नौकांवरील मुख्य साधन बर्फ हेच आहे. मुंबईतील ससून डॉक किंवा रत्नागिरीतील मिरकरवाडा येथून अनेक दिवसांसाठी निघणाऱ्या यांत्रिक नौका उष्णतारोधक खणांत फोडलेला बर्फ भरून नेतात. नौकेवर गोठवण्याची यंत्रणा मुख्यतः खोल समुद्रात दीर्घकाळ राहणाऱ्या मोठ्या जहाजांवर असते. जलाशयातील होडी काही तासांत काठाला परतत असल्याने तिच्यासाठी हे समीकरण बर्फाच्या बाजूने आणखी झुकते.

जलाशयांवरील व्यवस्था

२० किलो मासळी व तितकाच फोडलेला बर्फ यांसाठी ६० ते ७० लिटरची पेटी पुरते. तळाशी बर्फ, त्यावर मासळीचा थर, पुन्हा बर्फ अशी रचना करतात. वितळलेले पाणी निघून जाण्यासाठी तळाला तोटी असावी. पेटी पांढऱ्या रंगाची असावी व तिच्यावर ओले पोते टाकावे. बर्फ पिण्याच्या पाण्याचा असणे आवश्यक आहे. महाराष्ट्रात २०१८ पासून अखाद्य बर्फ ओळखू यावा म्हणून त्यात निळा रंग मिसळण्याचा नियम आहे.

काठावरील फ्रीजरचा उपयोग न विकली गेलेली मासळी साठवण्यासाठी, तसेच बाटल्यांत पाणी गोठवून दुसऱ्या दिवशीच्या पेटीसाठी बर्फ तयार करण्यासाठी होतो. वीज रात्री उपलब्ध असल्यास हा बर्फच साठवलेल्या विजेचे काम करतो. एखाद्या सभासदापेक्षा सहकारी संस्थेने सामाईक फ्रीजर घेतल्यास खर्च विभागला जातो. २०२० मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत बर्फ कारखाने, शीतगृहे आणि बर्फपेटीसह दुचाकी व तीनचाकी वाहने यांसाठी अर्थसाहाय्याची तरतूद करण्यात आली.

मर्यादा

बीड हा अवर्षणप्रवण जिल्हा आहे. २०१६ च्या दुष्काळात मांजरा धरण कोरडे पडले आणि लातूर शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी पुरवावे लागले. जलाशय आटल्यावर मासेमारी थांबते व काठ दूर सरकतो. त्यामुळे एका जागी पक्का बसवलेला मोठा फ्रीजर काही वर्षे विनावापर राहू शकतो. उचलून हलवता येणारे लहान फ्रीजर व बर्फपेट्या ही जोखीम कमी करतात.

हेही पहा

माजलगाव धरण
मांजरा धरण
जायकवाडी धरण
शीतसाखळी