जहाज शरण गेलं, नाटकातलं गेलं नाही

नागपूरहून समुद्र शेकडो किलोमीटर दूर. तरी आज आपण समुद्रावरच्या बंडाबद्दल आणि त्यावर रचलेल्या कथांबद्दल बोलणार आहोत. प्रश्न साधा आहे : ऐतिहासिक कथा लिहिणाऱ्यानं शेवट बदलावा का?

आधी घडलं काय ते पाहू. १८ फेब्रुवारी १९४६, मुंबई. ‘तलवार’ म्हटलं की आपल्याला जहाज वाटतं; पण ते होतं जमिनीवरचं संदेशवहन प्रशिक्षण केंद्र. निकृष्ट जेवण आणि गोऱ्या अधिकाऱ्याच्या शिव्या यांना कंटाळून तिथल्या नाविकांनी जेवण आणि काम दोन्ही नाकारलं. त्याआधीच बलाईचंद दत्त नावाच्या तरुण नाविकाला भिंतीवर ‘जय हिंद’ रंगवल्याबद्दल अटक झाली होती. म्हणजे प्रश्न नुसत्या डाळीचा नव्हता. पाहता पाहता ७८ जहाजं, २० किनारी केंद्रं आणि सुमारे २०,००० नाविक उठावात आले. संप समितीचे अध्यक्ष एम. एस. खान, उपाध्यक्ष मदन सिंग. जहाजांवर काँग्रेस, लीग आणि लाल बावटा, तिन्ही झेंडे एकत्र चढले.

२२ तारखेला मुंबईचे गिरणी कामगार नाविकांसाठी संपावर गेले. परळला गोळीबारात कमल दोंदे ठार झाल्या. शहरात दोनशेहून अधिक माणसं मेली. काँग्रेस आणि लीग, दोघांच्याही नेत्यांनी माघारीचा सल्ला दिला. सरदार पटेलांनी तर मध्यस्थीच केली. २३ ला नाविक शरण गेले. जाताना म्हणाले, आम्ही ब्रिटनला नाही, भारताला शरण जातोय.

आता कथेकडे येऊ. १९६५ साली कोलकात्याच्या मिनर्व्हा थिएटरात उत्पल दत्तांनी ‘कल्लोल’ हे नाटक केलं. त्यातलं ‘खैबर’ जहाज शरण जातच नाही. दत्तांवर टीका झाली, आणि त्याच वर्षी त्यांना तुरुंगातही जावं लागलं.

याच्या शेजारी आयझेन्स्टाइनचा ‘बॅटलशिप पोटेम्किन’ ठेवून पाहा. १९०५ च्या त्या रशियन बंडाचीही ठिणगी किड्यांनी भरलेल्या मांसावरून पडली. खरं जहाज शेवटी रुमानियाच्या कॉन्स्तान्त्सा बंदरात शरण गेलं. चित्रपट त्याआधीच, विजयाच्या क्षणी थांबतो. एक कलावंत आधी थांबतो, दुसरा शेवटच बदलतो.

दोघांचं चुकलं का? आम्हाला तसं वाटत नाही. हरलेल्यांची जिद्द जपायची, तर कधी शेवट वाकवावा लागतो. पण त्यात एक मोठी गोष्ट हातची जाते : २२ आणि २३ मधली रात्र. ज्यांच्या पुढाऱ्यांचे झेंडे डोलकाठीवर चढवले, तेच पुढारी ‘उतरा’ म्हणतात, तेव्हा विशीतल्या पोरांनी काय बोलावं एकमेकांशी? बाहेर शहरात आपल्यासाठी माणसं मेली आहेत. लढत राहिलो तर आणखी मरतील. उतरलो तर मेलेल्यांना काय सांगणार? पुढे नोकरीवरून काढलेल्या या नाविकांना स्वतंत्र भारताच्या नौदलानं परत घेतलं नाही, आणि पाकिस्तानच्याही नाही.

मराठीत कुणी यावर कादंबरी लिहायला बसलं, तर आमचं एवढंच म्हणणं आहे : तोफा थोड्या कमी चालल्या तरी चालतील, पण ती रात्र गाळू नका. जहाज शरण गेलं तरी माणसं हरली असं होत नाही. ते दाखवणं शेवट बदलण्यापेक्षा अवघड आहे, आणि म्हणूनच ते कादंबरीचं काम आहे.